फिकट प्रिंटांची किंमत

मित्रहो, आणि चित्रकला महाविद्यालयातून आलेल्या पोरांनो,

खिशात शंभराची किंवा पाचशेची नोट असेल तर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवून बघा. शाई बोटाला जाणवते, कारण ती कागदाच्या वर उठलेली असते. खोदलेल्या रेषेत शाई भरायची, वरची पुसायची आणि भरपूर दाब देऊन कागदाकरवी ती शाई रेषेतून ओढून काढायची. धातूच्या प्लेटवर आम्लानं रेषा खोदून छापायच्या एचिंगमध्ये आपण दुसरं काय करतो? नागपुरात संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जे येतं-जातं आणि आपल्या प्रेसमधून जे निघतं, ते एकाच कुळातलं आहे. पैशाच्या संकटावर काम करायला मुद्राचित्रणाइतकं, म्हणजे प्रिंटमेकिंगइतकं, जवळचं माध्यम नाही, असं मी मनापासून मानतो.

हे जुनंच आहे. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीचे शेअर आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी आपटले. तेव्हा विशीत असलेल्या विल्यम होगार्थनं १७२१ मध्ये त्यावर एक प्रिंट काढली. भर रस्त्यात फिरता पाळणा, त्यावर सगळ्या थरांतली माणसं, आणि खाली प्रामाणिकपणाला चाकावर बांधून त्याची हाडं मोडणं चाललंय.

आज बाहेर मांडलेलं काम आपल्या एका विद्यार्थिनीचं आहे. विषय २००८ चं अमेरिकेतलं संकट. असा विषय दिला की बहुतेक मुलं खाली घसरणारा बाण काढतात, फाटकी नोट काढतात, टाय लावलेला लठ्ठ माणूस काढतात. तिनं जस्ताच्या प्लेटवर फक्त एक लाकडी दुमजली घर काढलं, तिकडच्या उपनगरात असतं तसं. प्लेटला शाई एकदाच लावली आणि त्याच शाईवर प्रिंट काढत गेली. पहिलीत घर काळंभोर. दुसरीत निम्मंही नाही. चौथी-पाचवीत छपराची खोल रेष तेवढी उरते. प्रत्येकीखाली मात्र पेन्सिलनं तेच लिहिलंय : १/१. म्हणजे प्रत्येक प्रिंट एकुलती एक, आणि प्रत्येकीची किंमतही तीच.

तिकडे झालं ते असंच. ज्यांना हप्ते झेपणार नाहीत त्यांनाही घरासाठी कर्जं दिली गेली. कर्ज देणारा ते लगेच पुढे विकून मोकळा व्हायचा, त्यामुळे कर्जदाराकडे नीट बघण्याची गरजच उरली नाही. हजारो कर्जांचा एक गठ्ठा करायचा, त्याचे वरचे-खालचे थर पाडायचे आणि ते विकायचे. खालचे, धोक्याचे थर कोणी घेईना, तेव्हा तेच गोळा करून नवा गठ्ठा बांधला आणि कर्ज बुडण्याचा धोका जोखणाऱ्या मानांकन संस्थांनी त्यातल्या मोठ्या भागाला पुन्हा ट्रिपल-एचा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का दिला.

हे दुसरं पाऊल कागदावर दाखवता येईना, म्हणून ती संगणकाच्या स्क्रीनकडे वळली. फिकट प्रिंटा स्कॅन केल्या आणि मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे थरागणिक रंग गडद होत जाईल अशा, एकीवर एक चढवल्या. करड्यावर करडा चढत घर पुन्हा काळंभोर झालं, पहिल्या प्रिंटसारखं. इथवरही काम चांगलं झालं असतं. पण प्लेटवर दाराशेजारी एक ओरखडा होता. खोल असल्यामुळे तो प्रत्येक प्रिंटमध्ये उतरला होता, जेमतेम दिसेल इतका. स्क्रीनवर थर चढतात तसा सगळ्यात आधी तोच गडद होतो आणि घरभर डोळ्यांत खुपत राहतो. सगळी घरं एकदम बुडणार नाहीत, फ्लोरिडातली पडली तर नेवाडातली तरतील, या भरवशावर तो ट्रिपल-एचा शिक्का मारलेला होता. प्लेट एकच होती, हे कोणी पाहिलं नाही. २००६ नंतर किमती देशभर उतरल्या आणि १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षांची अमेरिकन गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली.

एवढा गुंतागुंतीचा व्यवहार तिनं चित्रात सांगितला नाही, तो तिच्या करण्यातच आहे. माझ्या लेखी हे फार मोठं काम आहे. पोरांनो, तंत्र शिकताना हे लक्षात घ्या. आणि तिनं हे केलं तेही आपल्या उन्हाळ्यात. नागपूरच्या मे महिन्यात भिजवलेला कागद प्रेसपर्यंत नेईस्तोवर वाळतो, शाई पातळ होऊन पुसताना रेषेतूनच निघून जाते. फिकटपणा हवा तेवढाच ठेवायचा म्हणून तिनं पहाटे काम केलं.

एका गोष्टीवर आमचं जुळलेलं नाही. स्क्रीनच्या खाली तिनं सेन्सेक्सची पट्टी सोडलीय. २००८ च्या जानेवारीत २१,००० च्या वर, ऑक्टोबरात ९,००० च्या खाली. मी म्हटलं, काढ ती, घर पुरेसं बोलतंय. ती म्हणते, सर, आपल्या इतवारी बाजारातल्या माणसानं लेहमनचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्याच्यापर्यंत हे संकट त्या आकड्यातून पोचलं, मग तो आकडा मी कशी लपवू? मला पट्टी अजूनही जड वाटते. तुम्ही बघा आणि काय वाटतं ते तिलाच सांगा. ती बाहेर प्रेसजवळ थांबलीय.