सकाळचा निळा धूर

श्रोते हो, नमस्कार.

गाडी एरवी बरी चालते. एखाद्या सकाळी मात्र सेल्फ मारला की सायलेन्सरमधून भसकन निळसर धूर निघतो, मिनिटभरात विरतो आणि मग दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला उभं राहावं, तर धुराचा पत्ताच नसतो. आज बोलायचं ते या धुराबद्दल.

थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, पाण्याचे थेंब पडतात. गाडी तापली की ते थांबतं, त्याची काळजी नको. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. जळक्या ऑइलचा वासही येतो. हे ऑइल सिलिंडरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या नळकांड्यात, दोन वाटांनी शिरतं. वरून व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपेच्या दांडीवरून, तिथलं ऑइल अडवणारं रबरी सील गेलं की; किंवा खालून, सिलिंडरात वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांजवळून. कोणत्या वाटेनं आलं हे ओळखायचं, तर धूर किती यापेक्षा धूर केव्हा ते पाहा. पुन्हा सांगतो, धूर केव्हा येतो ते पाहा.

माझ्या मामाची गोष्ट सांगतो. मोर्शीकडचं गाव, आणि मामाची जुनी पेट्रोल ॲम्बेसेडर. मामाचा जीव तिच्यात. तर हिवाळ्यात ही गाडी अधूनमधून सकाळी धूर टाकायला लागली. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं लांबूनच पाहून सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन बोअर करा लागते." खर्चाचा आकडा ऐकून मामा दोन दिवस नीट जेवला नाही. गावातले म्हणत, थंडीचं होते, उन्हाळ्यात राहीन बरोबर.

शेवटी एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेल्या एका मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांचा निरोप आला, "मी येईपर्यंत गाडीले कोणी हात लावू नोका." सकाळी आले आणि बॉनेटवर तळहात ठेवून आधी इंजिन गार असल्याची खात्री केली. मग मामाला विचारलं, "धूर रोज येते का?"

मामा म्हणाला, "नाही ना बाप्पा, कधीकधी."

"कधीकधी म्हणजे कधी?"

मामाला सांगता येईना. मामी ओट्यावर तूर पाखडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "आंगनात तूर असली का धूर असते."

सगळे हसले. मिस्त्रीकाका हसले नाहीत. "म्हनजे कसं, वहिनी?" मामीनं सांगितलं ते असं. अंगणात तूर वाळत घातली की गाडी मागं गोठ्याजवळ लावावी लागते. तिथं नाल्याकडे उतार, म्हणून गाडी रात्रभर नाक खाली करून उभी. (मामा निदान अंगणात तरी तूर वाळवायचा. डांबरी रस्त्यावर तूर पसरणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. दुचाकीवाले घसरतात आणि डाळीत खडे येतात ते वेगळेच. असो.)

काकांनी गाडी चालू केली. निळा लोट आला, विरला. मग त्यांनी इंजिन तसंच सावकाश चालू ठेवून चहा मागवला. चहा संपल्यावर एकदम रेस दिली, तर पुन्हा निळा फवारा! चालत्या इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, तिथून मात्र रिंगा गेल्यावर येतात तसे भपकारे नव्हते. चारही प्लग काढले. मागचे तीन कोरडे, बिस्किटी रंगाचे. सगळ्यात पुढचा काळा आणि तेलकट. उतारावर हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं ऑइल पुढच्या बाजूला साचायचं आणि तिथल्या व्हॉल्व्हवरून रात्रभर आत झिरपायचं. काका म्हणाले, "रिंगा नाई गेल्या. वरचे सील गेले."

आता हेड न उतरवता व्हॉल्व्हचे सील बदलायचे कसे? स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरात पडायचा. काका इकडंतिकडं पाहत उठले आणि मामीची कपडे वाळवायची नायलॉनची दोरी सोडून घेऊन आले! मामी ओरडतेय, इकडे काकांनी दोरी पुसून प्लगच्या छिद्रातून हात-हात आत सारली, एक टोक बाहेर ठेवलं आणि हँडल मारून इंजिन हळूच फिरवलं. पिस्टन वर आला, दोरी दाबली गेली, व्हॉल्व्ह खालून अडकले. मग स्प्रिंग काढा, सील बदला, दोरी ओढून घ्या, पुढचा सिलिंडर. काढलेलं सील मी नखानं दाबून पाहिलं. रबर कसलं, बांगडीच्या काचेसारखं कडक. कट्‌ करून तुटलं. मामीला नवी दोरी आणून द्यावी लागली, तो खर्च मामानं अजून काकांच्या नावावर मांडून ठेवलाय.

तेव्हा ध्यानात घ्या. रात्रभर उभी राहून सकाळी धूर, किंवा बराच वेळ सावकाश चालून रेस दिल्यावर धूर, तर आधी व्हॉल्व्ह सील पाहा. चिखलदऱ्याचा घाट गिअरमध्ये उतरून परतवाड्याकडे येताना पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की धूर, तरीही सीलच. चढावर, ओझं घेऊन, सतत धूर येत असेल तर रिंगा. शंका राहिली तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात भरणारं प्रेशर, मोजायला सांगा. प्रेशर कमी भरलं, तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. वाढलं तर रिंगांचा दोष.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही तपासा. आणि हे सगळं करण्याआधी ऑइलची पट्टी बघा, सपाट जागी, सकाळी. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर तेच धुराचं कारण असू शकतं. पण 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणणारे पंपापंपावर आहेत, त्यांना कोण सांगणार!

सील गेलं म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. मात्र दर आठवड्याला ऑइल मोजा, कमी झालेलं भरा. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटला हात लावा. ते गरम लागलं, तर मालकाला म्हणा, "उद्या येतो, तोवर चालू करू नका."

नमस्कार.