बेदाणा म्हणजे वाऱ्याने केलेला पाक

(नाशिकमधल्या एका महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘ओव्हनशिवाय पौष्टिक बाइट्स’. सुरुवातीलाच सांगते, हे लाडूच आहेत. आकाराने लिंबाहून लहान, १५ ग्रॅमचे, एका घासात संपणारे. तीन कृती द्यायचं कबूल केलंय, त्या देणारच. पण त्याआधी पाण्याबद्दल बोलू द्या. हे लाडू जिथे जिथे बिघडतात, त्यातल्या दहापैकी आठ ठिकाणी पाणी घातलेलं असतं.

आपल्याकडे लाडू बांधायचे दोन रस्ते, पाक किंवा तूप. पाकात आपण करतो काय? साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवतो आणि ते पाणी आटवत जातो. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही सगळी मापं किती पाणी उरलं त्याची आहेत. तिळगुळाचा पाक गोळीबंद झाला नाही, तर वड्या चिकट राहतात. हे इथे कुणाला शिकवायला नको.

आता निफाडचा, दिंडोरीचा द्राक्षाचा मणी घ्या. त्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. सालीवरचा मेणचट थर त्याने सैल होतो आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. मग शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांवर साधारण दोन आठवडे. फाल्गुन-चैत्राचा कोरडा वारा बाकीचं काम करतो. ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो आणि पाणी उरतं १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे झालं काय? पाकच झाला! विस्तवाऐवजी वाऱ्याने केलेला, आणि सालीच्या पिशवीत भरून ठेवलेला. खजुराचं तेच, तो झाडावरच आटतो. बिनपाकाचे लाडू असं आपण म्हणतो, पण यात पाक आहेच, तो तयार होऊन घरी येतो.

आणि या तयार पाकात आपण पाणी घालतो. मिश्रण वळत नाही म्हणून दोन चमचे पाणी, नाहीतर दुधाचा हात. खजूर कडक आहे म्हणून तो रात्रभर भिजत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चांगला माल वाया जातो. खजुरात पाणी असतंच, पण साखरेने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं, बुरशीच्या वाट्याला येत नाही. वरून घातलेलं पाणी मोकळं असतं. म्हणून कोरडे लाडू आठवडाभर बाहेर टिकतात आणि भिजवलेल्या खजुराच्या लाडवांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास येतो, मग पांढरी लव. पावसाळ्यात त्याहून लवकर. शिवाय ओलसर मिश्रणात मुरमुरे, राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या, तर संध्याकाळपर्यंत सादळतात. मुरमुऱ्यांचा भत्ता खाणाऱ्या गावाला सादळलेले मुरमुरे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

मग कडक खजुराचं करायचं काय? चाळणीत ठेवून ३ ते ४ मिनिटं वाफ द्यायची. बाहेर काढून कापडावर पसरायचा, पंख्याखाली १५ मिनिटं. ऊब लागली की खजूर मऊ होतो आणि वाफेचं पाणी वरच्यावर उडून जातं. बेदाणा धुतला तर २ तास तरी पंख्याखाली वाळवा. बोटांना ओल लागली तर तो तयार नाही.

मिश्रण झालं की मुठीत दाबून बघायचं. मूठ उघडली की गोळा अखंड राहिला पाहिजे, आणि अंगठ्याने ढकलल्यावर दोन-तीन मोठे तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर दोन खजूर वाढवा. तळव्याला चिकटलं तर चमचाभर डाळ्याचं पीठ. आणि तळवा तेलाने चमकला तर मिक्सर जास्त फिरलाय किंवा शेंगदाणे गरम असतानाच फिरवलेत. तेव्हा पीठ घालू नका. २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, तेल आवळतं आणि लाडू वळतो.

मिक्सरचं निघालंच आहे तर तेही सांगते. सगळा खजूर एकदम टाकला की पात्याभोवती गोळा होतो, मोटर घुरघुरते आणि बंद पडते. घाबरू नका. बऱ्याच मिक्सरना खाली लाल बटण असतं. मशीन निवू द्या आणि ते दाबा. पण मुळात क्रम बदला. आधी दाणे आणि डाळं भरडून घ्या. मग त्याच भांड्यात खजुराचे तुकडे मूठ-मूठ टाका आणि थांबत थांबत फिरवा. कोरडा भुगा तुकड्यांना वेगळं ठेवतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, ओव्हन नको तर भाजायचंही नाही का? भाजायचं, नक्की भाजायचं. कढईला सुट्टी नाही. कच्चं पीठ तर यात कधीच घालू नका. धान्यावरचे जंतू पिठात येतात आणि पुढे त्याला विस्तव लागणारच नसतो. ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, त्यामुळे ते चालतात, तरी ५ मिनिटं परतले की ओल जाते. शेंगदाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, चोळल्यावर साल सुटेपर्यंत. त्याआधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पूर्ण जात नाही. तीळ तडतडायला लागले की उतरवा, गडद झाले की कडू. जवस उडतात, वर झाकण धरा. आणि त्यांची पूड आयत्या वेळी करा, जवसाचं तेल हवा लागली की लवकर खवट होतं.

आणखी एक तक्रार आहे, पाकिटांवरच्या ‘साखर नाही’ या शब्दांची. वरून घातलेली साखर नाही, एवढंच ते खरं असतं. खजुरात ६० टक्क्यांहून जास्त साखर असते. आपल्या पहिल्या कृतीच्या एका लाडवात ५ ते ६ ग्रॅम साखर आणि ६० कॅलरीच्या आसपास येतात. साखरेसोबत चोथा, तेल, थोडी प्रथिनं येतात, म्हणून तो बिस्किटापेक्षा बरा. पण मधुमेह असलेल्यांनी गोडाच्या हिशोबात तो धरलाच पाहिजे. म्हणून माझा आग्रह १५ ग्रॅमचा. वजनकाट्यावर एक तोलून घ्या, मग हाताला अंदाज येतो.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं. मग लिहून घ्या, मापं बियांशिवायच्या खजुराची आहेत.

पहिली. खजूर २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १००, भाजलेले तीळ ५०, वेलची, चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, त्याने गोड उठून दिसतं. दाणे पूर्ण गार झाल्यावर भरड, मग खजूर, तीळ शेवटी हाताने. तेवीस होतात.

दुसरी आपल्या बेदाण्याची. बेदाणे १५० ग्रॅम, खजूर ५०, डाळं ८०, भाजलेले जवस ३०, अर्धा चमचा सुंठ. नुसता बेदाणा मिक्सरमध्ये सालीमुळे घरंगळत राहतो, डाळ्यासोबत फिरवला की तुटतो. मिश्रण सैल वाटलं तरी २० मिनिटं हात लावू नका, जवस ओल शोषून घेतात आणि ते आपोआप घट्ट होतं. पिवळ्याधमक बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. घरात दम्याचं कुणी असेल तर तपकिरी किंवा काळा घ्या.

तिसरी पेठ-सुरगाण्याकडच्या मालाची. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ ८० ग्रॅम, २० ग्रॅम तुपात मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत. भाजलेल्या खुरासणीची, म्हणजे कारळ्याची पूड ३० ग्रॅम, किसून भाजलेलं सुकं खोबरं ४०, खजूर १५०. ओलं खोबरं चालणार नाही, ते दुसऱ्या दिवशीच वास मारतं. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांना हाच द्या. मे महिन्यात कोरड्या हवेने हे लाडू तडकतात, तेव्हा चमचाभर तूप वाढवा. श्रावणात तोच चमचा कमी करा.

टिकाऊपणा: स्टीलच्या घट्ट डब्यात बाहेर आठवडा, फ्रीजमध्ये तीन आठवडे. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. गार लाडवांवर हवेतलं पाणी घामासारखं जमतं, आणि इतकं सांभाळून बाहेर ठेवलेलं पाणी तिथून आत शिरतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास थांबा.

लहानांचं सांगायचं राहिलं. कुणी खजुराऐवजी मध घालणार असेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो अजिबात नाही. पाच वर्षांखालच्यांना गोल लाडू देऊ नका, चिकट गोळा घशात अडकतो. दाणे बारीक दळून, मिश्रण चपटं थापून छोटे तुकडे द्या, आणि खाताना बसवून.

आता ताटं फिरतील. डावीकडच्या ताटात शेंगदाणे आणि तीळ आहेत. ज्यांना ते सोसत नाहीत, त्यांनी उजवीकडचा नागलीचा घ्या, तो वेगळ्या भांड्यात केलाय.