गोव्याचा मोबाइल ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये का? एकदाच काय ते सांगतो

नमस्कार मंडळी. पंखा बंद केलाय, आवाज नीट यावा म्हणून. त्यामुळे मी मध्येच घाम पुसताना दिसलो तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या जुन्या काळ्या फोनवर व्हिडिओ केला होता. वाटलं होतं, लोक आठवणी लिहितील. काहींनी लिहिल्याही. पण बाकी सगळ्या कमेंट एकाच गोष्टीवर, सर्कल, म्हणजे मोबाइल परवान्याचा विभाग. ‘दादा, रिचार्ज करताना माझं सर्कल महाराष्ट्र-गोवा का दिसतं?’ ‘गोवा वेगळं राज्य, मग सर्कल वेगळं का नाही?’ आणि एका भल्या माणसाने तर थेट लिहिलं, ‘हे मागच्या दाराने विलीनीकरण आहे.’ त्याच्या खाली अजून भांडण चालू आहे. थांबा रे बाबांनो, गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही, हा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपल्याला परत घ्यायचा नाहीये. आमच्याच घरात दोन काका त्या विषयावरून अजून एकमेकांशेजारी पानावर बसत नाहीत. तो विषय इथेच ठेवू.

आधीचा इतिहास पटापट उरकतो, शाळेत झालेला असतो. १८८५ चा तार कायदा, म्हणजे फोन सरकारचा. १९८५ ला टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. १९८६ ला दिल्ली-मुंबईसाठी एमटीएनएल ही सरकारी कंपनी. १९९४ ला राष्ट्रीय दूरसंचार धोरण, खाजगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना मोबाइल लावला, तो देशातला पहिला कॉल. १९९७ ला ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, १९९९ ला दुसरं धोरण, १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल, २००३ ला इनकमिंग फुकट. झालं. आणि हो, ‘बीएसएनएल कधीच विकली’ असं जे लिहितात त्यांच्यासाठी: विकली ती व्हीएसएनएल. परदेशी कॉलवाली. २००२ मध्ये, टाटांना. बीएसएनएल अजून सरकारचीच आहे. बाजार खुला करणं वेगळं, सरकारी कंपनी विकणं वेगळं.

मोबाइलच्या आधी फोन म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. माझे मामा मस्कतला होते. त्यांच्या कार्डावर घरचा नंबर म्हणून डिचोलीच्या एका वाण्याचा नंबर, आणि पुढे कंसात ‘पी.पी.’. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलावून द्या. शुक्रवारी मामांचा फोन आला की वाण्याचा पोरगा सायकलवरून ओरडत यायचा आणि आजी हातातली पिठाची परात तशीच टाकून धावायची. तीन मिनिटांतलं एक मिनिट तिच्या धापा ऐकण्यातच जायचं. मामा तिकडून ओरडायचे, ‘आई, आधी श्वास घे गो!’

असो. आता मुख्य भानगड, सर्कल.

काजूचं उदाहरण घेतो. हंगामाआधी आपल्याकडे अबकारी खातं काजूच्या झोनांची पावणी, म्हणजे लिलाव, करतं, बरोबर? बोली लावणारा झाडावर बोली लावत नाही. झोनवर लावतो. त्या झोनमधल्या काजूचा रस काढून हुर्राक, फेणी गाळायचा हक्क तो घेतो. आता डोंगराच्या पार टोकाला चार झाडं आहेत, वाट नाही, तिथलं बोंडू आणायचा खर्च रसापेक्षा जास्त. तो जाईल का? नाही जाणार. त्याने पैसे अख्ख्या झोनचे भरलेत, वसूल करतो रस्त्यालगतच्या झाडांवर.

मोबाइलचं सर्कल म्हणजे हा झोन. बाजार खुला झाला तेव्हा ‘गोव्याचा बाजार’ असा काही खुला झालाच नाही. देशाचे तुकडे पाडले, आज ते २२ आहेत, आणि परवाने त्या तुकड्यांचे विकले. आपला तुकडा म्हणजे महाराष्ट्र, त्यातून मुंबई, नवी मुंबई, कल्याण हा भाग वजा, आणि अधिक गोवा. मोबाइलसाठी या तुकड्यात पहिल्या उतरल्या त्या बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. बिर्लावाली पुढे आयडिया झाली, बीपीएलचा इथला कारभार हचकडे गेला.

या रेषा आखल्या कोणी? कोणी मुद्दाम बसून आखल्या नाहीत. जुन्या डाक-तार खात्याची सर्कलं होती, तीच पुढे चालली. टपालात अजून बघा, पणजीत गोवा रीजनचं कार्यालय आहे, पण ते महाराष्ट्र सर्कलखाली. आपला पिनकोड ४०३ ने सुरू होतो, मुंबईचा ४०० ने. राज्य ३० मे १९८७ ला झालं, सर्कल नाही झालं. मुंबई मात्र एमटीएनएलमुळे आधीच बाजूला काढलेली होती, आणि मोबाइलचे पहिले परवाने चार महानगरांचेच निघाले, म्हणून ती वेगळी राहिली.

तरी कमेंट येतात. ‘पण दादा, राज्य तर वेगळं आहे ना?’ अरे, आहे! झोनची हद्द आणि राज्याची हद्द एक असलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

बरं, दुसऱ्या बाजूने सांगतो. रोमिंग.

२००७ च्या सुमाराची गोष्ट. कारवारला मावसबहिणीचं लग्न. आम्ही काणकोणहून सीमेवरच्या पोळे नाक्याकडे निघालो, नाका अजून यायचाच होता, तेवढ्यात फोनवर ‘कर्नाटकात आपले स्वागत’. फोन गोव्यात, टॉवर पलीकडचा. मी प्रीपेडवाला. त्या दिवशी मांडववाला, भटजी, फुलवाला सगळे मलाच फोन करत होते, आणि रोमिंगमध्ये इनकमिंगलाही पैसे कटायचे. अक्षता पडायच्या आधी बॅलन्स संपला. वरमाय मला शोधतेय आणि मी रिचार्जचं दुकान शोधतोय. कस्टमर केअरला नंतर विचारलं, तर बाई गोड आवाजात म्हणाली, ‘सर, आपण सर्कलच्या बाहेर होतात.’ अहो, रोमिंग सुरू झालं तेव्हा मी गोव्यात होतो!

आता तेव्हाची गंमत बघा. पोळ्याच्या पलीकडे कारवार, तासाभराचीही वाट नाही, तिथे रोमिंग. आणि इकडे पत्रादेवी ओलांडून बांदा, सावंतवाडी, कोल्हापूर, पुणे, थेट नागपूर, गोंदिया, तिथे रोमिंग नाही. का? एकच झोन. आणि मुंबई? तिथे परत रोमिंग. आमच्या चुलतभावाचं तर यात फारच झालं. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली, पण सर्कलच्या आत. तो पुण्यात नोकरीला गेला तेव्हा गोव्याचा नंबर आरामात चालला. दोन वर्षांनी मुंबईला बदली झाली, आणि नंबर तिकडच्या सर्कलला नेता येईना. देशभर कुठेही नंबर नेता येण्याची सोय ३ जुलै २०१५ ला आली. तोपर्यंत गडी खिशात दोन फोन घेऊन फिरत होता, आणि आई त्याला नेहमी बंद असलेल्यावरच फोन करायची.

अजून पटत नसेल तर तिसरी बाजू, पैशाची. ही ऐका नीट, कारण ‘आमच्या गावात रेंज का नाही’ याचं अर्धं उत्तर इथे आहे.

२०१० मध्ये थ्री-जीचा लिलाव झाला. एका परवान्याची किंमत मुंबईला साधारण ३,२४७ कोटी. आणि मुंबई सोडून उरलेला अख्खा महाराष्ट्र अधिक गोवा? १,२५८ कोटींच्या आसपास. एका शहराच्या निम्म्याहूनही कमी. त्यात आपला वाटा किती धरायचा? गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात असे ऐंशीच्या वर गोवे मावतात.

आणि सुरुवातीच्या मोबाइल परवान्यांत अट काय होती? पहिल्या वर्षात सर्कलमधली १० टक्के जिल्हा मुख्यालयं, तीन वर्षांत ५० टक्के. मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातलं दुसरं शहर धरलं तरी चालायचं. सर्कलमध्ये तीसच्या आसपास जिल्हे, त्यात आपले तेव्हा दोन. म्हणजे कागदावर बघाल तर पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर असं करत करत गोव्याचा एकही टॉवर न लावता अट पुरी करता आली असती. तसं झालं नाही, कारण पणजी, मडगाव, कळंगूट म्हणजे रस्त्यालगतची झाडं. पर्यटक आले, पैसा आला, टॉवर आले. पण नेत्रावळी? खोतीगाव? सत्तरीतल्या आतल्या वाड्या? ती डोंगराच्या टोकाची चार झाडं. लॉकडाऊनमध्ये सांगे, सत्तरीकडची मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढत होती, ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय.

टोकाच्या झाडांसाठी काही सोयच नाही असं नाही. कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के एका निधीत जातात, २००२ पासून. आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधी झालं. जिथे धंदा परवडत नाही तिथे यातून टॉवर, केबल.

मधेच एक, कारण परवाच्या लाइव्हमध्ये कोणीतरी एजीआर, म्हणजे कंपन्यांचं ‘समायोजित एकूण उत्पन्न’, ही काय भानगड असं विचारलं होतं. सुरुवातीला कंपन्यांनी परवान्याची ठरावीक रक्कम बोलीत अशी काही चढवली, की भरताना नाकी नऊ आले. जत्रेत खाजेवाल्याने जोशात जागेची पावणी चढवावी आणि दुसऱ्या दिवशी हिशेब करत बसावं, तसं. १९९९ च्या धोरणाने सांगितलं, ठरावीक नको, विक्रीतला वाटा द्या. मग भांडण लागलं की ही विक्री, म्हणजेच एजीआर, कशाला म्हणायचं. खाजेवाल्याने बाजूला फुगे विकले, तर फुग्यांचाही वाटा द्यायचा? २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, फुगेसुद्धा धरा. व्होडाफोन आयडिया त्या बोज्याखाली वाकली ती वाकलीच.

आता एक गोष्ट बोलून घेतो, मग शिव्या खायला मोकळा. सर्कलवर सगळं ढकलून आपण सुटत नाही. परवाना, स्पेक्ट्रम केंद्र देतं. पण टॉवर उभा राहतो कोणाच्या तरी भाटात, आणि तिथे पंचायत येते, ग्रामसभा येते. आमच्या बाजूच्या गावची ग्रामसभा मी स्वतः बघितली आहे. पहिला ठराव: गावात रेंज नाही, निषेध. दुसरा ठराव: टॉवरला विरोध. दोन्ही एकमताने! मधे चहा झाला होता, एवढाच काय तो फरक.

भीती खोटी आहे म्हणून मी कोणाला हसत नाही. पण आपल्या देशात टॉवरच्या लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे. आणि टॉवर लांब असला की तुमच्या कानाला लागलेला फोनच जास्त जोर लावतो. टॉवर गावाबाहेर हाकलून पोराच्या कानाला तोच फोन, याचा हिशेब काय लावायचा? एका ताईंनी लिहिलंय, ‘फाइव्ह-जी आल्यापासून आमचे नारळ लहान झाले.’ ताई, फाइव्ह-जी आलं ऑक्टोबर २०२२ ला. नारळ लहान करणारी ती बारीक कोळी त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यात आहे. कृषी अधिकाऱ्याला दाखवा, ट्रायला नको.

शेवटचा प्रश्न, रोज येतो: ‘गोव्यात एक नंबर कंपनी कोणती?’ ट्राय दर महिन्याला ग्राहकांचे आकडे काढते. काढते कशी? सर्कलनिहाय. गोव्याची ओळच नसते त्यात. महाराष्ट्राच्या ओळीत आपण मीठ विरघळल्यासारखे. त्यामुळे ते आकडे दाखवून कोणी ‘गोव्यात आमचीच कंपनी पुढे’ म्हणाला, तर त्याला विचारा, बाबा, गोवा वेगळा काढलास कुठून? आणि आता कोणी परत ‘पण राज्य तर वेगळं आहे ना’ लिहिलं, तर मी खाली फक्त काजूचं चित्र टाकणार आहे.

गोव्याला वेगळं सर्कल मिळालं तर बरं का वाईट? माझं मत विचाराल तर आज रोमिंगचा त्रास उरलेला नाही, आणि एवढ्याशा झोनला बोली लावायला किती जण येतील याची मला शंकाच आहे. मला हवेत ते आकडे. गोव्याची वेगळी ओळ, तालुकावार. सांग्यात किती, सत्तरीत किती, काणकोणात किती. ते समोर आले की कुठली झाडं सुटली ते निदान दिसेल तरी.

तोपर्यंत एक करा. प्रत्येकाच्या घरात एक जागा असते, जिथे उभं राहिलं की रेंज येते. आमची न्हाणीघरामागच्या फणसाखाली आहे, तीन पावलं डावीकडे. पावसात छत्री घेऊन जावं लागतं. तुमची कुठे आहे ते गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा, मी नकाशावर टाकतो. पुढच्या व्हिडिओत तोच नकाशा घेऊन बसू.