ऑनलाइन थेरपीचा कॉल लागायच्या आधी घरात काय तयारी करायची?

नमस्कार. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, कुठूनही बघत असाल. ज्यांच्या लेकराची स्पीच थेरपी किंवा ओटी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, फोनवर सुरू झाली आहे, त्या आई-बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आजचा व्हिडिओ. मी स्वतः स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझी बरीचशी लेकरं मला स्क्रीनवरच भेटतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. लेकरू माझ्यासमोर बसलेलं असतं तेव्हा माझे हात त्याच्याजवळ असतात. ऑनलाइनमध्ये ते हात तुमचे. मी सांगणार, "चेंडू तुमच्या तोंडाजवळ धरा, थांबा, त्यानं बघितलं, आता द्या," आणि करणार तुम्ही. त्यामुळे "तू बस मोबाईलसमोर, मी दोन भाकरी टाकून येते" असं झालं, तर त्या दिवशी थेरपी झालीच नाही असं समजा.

म्हणून पहिला प्रश्न हा, की लेकराजवळ बसणार कोण? एकच माणूस ठरवा. आपल्याकडे कॉल लागला की सगळं घर गोळा होतं. आजी म्हणते, "सांग की बाळा, मॅडमला नाव सांग." तेवढ्यात काका, "गाय कशी करती रे?" सगळे मायेनंच बोलतात हो. पण ज्या लेकराला बोलायला त्रास होतो, त्याला ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिघांनी तीन प्रश्न टाकले की ते गप्प होतं, नाहीतर उठून जातं. आजीला बाहेर पाठवा असं मी म्हणत नाही. दिवसभर लेकरू आजीजवळ असेल तर आजीच बसू द्या, मला ते जास्त आवडेल. पण बोलायचं एकानं, आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. खूप लांब वाटतं ते. तरी मोजा.

आता फोन. (फोन हातात घेऊन) लेकराच्या लेखी ही कार्टूनची पेटी आहे. कार्टून चालू असताना मधेच माझा चेहरा आला तर ते रडणारच, त्यात त्याचा काय दोष? कॉलच्या अर्धा तास आधी कार्टून बंद, आणि बाकीच्या ॲपचे नोटिफिकेशनही बंद. फोन हातात धरू नका, तुमचे हात मोकळे हवेत. डब्याला टेकवून उभा करा, कॅमेरा लेकराच्या तोंडासमोर येईल इतका उंच. उजेड समोरून यायला हवा. दाराकडे पाठ करून बसवलं तर मला नुसती काळी सावली दिसते, जीभ कुठं लागते ते दिसतच नाही. आणि लेकराचे पाय लोंबकळत ठेवू नका. खुर्चीवर असेल तर पायाखाली पाट द्या. पाय टेकलेले असले की अंग स्थिर राहतं, चुळबुळ कमी होते.

काही जण विचारतात, "मॅडम, लेकराला मोबाईल देऊ नका म्हणता आणि थेरपी मोबाईलवरच?" रास्त प्रश्न आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ महिन्यांखालच्या बाळांना स्क्रीन नको म्हणते, पण व्हिडिओ कॉल त्यातून वगळते. कारण कॉलवर समोरचं माणूस लेकराला उत्तर देतं. कार्टून देत नाही.

आवाजावर जरा थांबते, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथं आहे. एप्रिल-मे मध्ये घरात कूलर चालू असतो. 'स', 'श', 'फ' हे हवेचे आवाज आहेत, ते कूलरच्या घोंघाटात बुडून जातात. लेकरानं 'साखर' म्हटलं की 'ताखर', हे मला कळत नाही. आधी कूलर लावून खोली गार करून घ्या, आणि आवाजांचा सराव असेल तेवढा वेळ तो बंद ठेवा. शक्य असेल तर सकाळची वेळ मागा. पत्र्याच्या घरात पाऊस आला तरी हेच, वर नेटवर्कही कमी मिळतं. आदल्या दिवशी त्याच वेळेला फोन घेऊन घरात फिरा, ओसरीत की खिडकीपाशी, रेंज कुठं येते ते बघून ठेवा. आणखी एक, कॉलचं ॲप मागचा गोंगाट आपोआप दाबतं, त्यात कधी खुळखुळा आणि लेकराची फुंकरही दाबली जाते. "ऐकू आलं का?" असं मला विचारत जा.

लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर मला आधीच कळवा. कॉल तुटला तर परत कोण लावणार, तेही ठरवून घ्या. म्हणजे दोघं एकाच वेळी लावत बसत नाहीत.

खेळणी विकत आणू नका. वाटी, चमचा, बांगड्या, झाकणाचा डबा, बाहुली, एवढं पुष्कळ झालं. सगळं एका टोपलीत घालून तुमच्या बाजूला ठेवा, लेकराचा हात पोहोचणार नाही असं. एकेक वस्तू काढायची. हवी ती वस्तू हातात नाही म्हणूनच ते मागतं, बोट दाखवतं, तोंडातून आवाज काढतं. सगळं समोर ओतलं तर मागायचं कारणच उरत नाही. लहान लेकराला शेंगदाणे, फुटाणे मात्र नकोत. घशात अडकतात.

पोट भरलेलं, झोप झालेली, शी-शू उरकलेली. यावर जास्त बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

घरात कोणती भाषा बोलता ते थेरपिस्टला सांगा. तांड्यावर गोरमाटी बोलत असाल, घरात दखनी असेल, तर लेकराच्या कानावर रोज पडणारे शब्द लिहून पाठवा. सराव त्याच शब्दांनी सुरू व्हायला हवा. आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवा, जेवताना किंवा खेळतानाचा. कॅमेऱ्यासमोर गप्प बसणारं लेकरू अंगणात काय काय बोलतं, ते मला त्यातूनच कळतं. ऊसतोडीला गेलेल्या आई-बाबांनाही हे जमतं, फडावरून कॉल लागला नाही तरी व्हिडिओ पाठवता येतो. तो घरच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

स्पीच थेरपीच्या आधी कानाची तपासणी झाली आहे ना? नसेल तर ती आधी. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असेल तिथं विचारा, किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा त्या डॉक्टरांना सांगा. स्पीच थेरपिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आम्ही तो सांगायलाच हवा. आणि लेकराला गिळताना ठसका लागत असेल किंवा झटके येत असतील, तर फोनवर भागवू नका, प्रत्यक्ष दाखवा.

शेवटची पाच मिनिटं लेकराला खेळायला सोडा आणि माझ्याशी तुम्ही बोला. या आठवड्यात घरी करायचं एकच काम मागून घ्या, आणि ते रोज कधी करणार ते तिथंच ठरवा, अंघोळीच्या वेळी की जेवताना. दहा कामं दिली तर मला थांबवा आणि म्हणा, "मॅडम, यातलं आधी कोणतं?"