खरा आकडा, खोटा कागद

मंडळी, परदेशी व्यापारात खोट्या कागदांवर होणारी फसवणूक कशी ओळखायची, हे सांगताना सुरुवात नियमापासूनच करतो, कारण सगळी गोम तिथे आहे. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे ठरलेले कागद सादर केले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी. तिचे व्यवहार जगभर 'यूसीपी ६००' या नियमावलीने चालतात. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचं पाचवं कलम सांगतं की बँकेचा संबंध कागदांशी आहे, मालाशी नाही. चौतिसावं कलम आणखी पुढे जातं: कागद खरा की बनावट, याची जबाबदारी बँकेवर नाही. कागद दिसायला अटींशी जुळले की पैसे द्यायचे. तपासायला कामाचे जास्तीत जास्त पाच दिवस.

ऐकायला विचित्र वाटतं, पण याच नियमामुळे एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोन व्यापारी सौदा करू शकतात. बँक गोदामात जाऊन पोती मोजायला लागली तर व्यापार ठप्प होईल. तेव्हा नियमाला शिव्या देण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच, की भामट्यानेही तो वाचलेला असतो. माल जमवण्यापेक्षा कागद जमवणं त्याला स्वस्त पडतं.

आता या कागदांवर आकडे असतात, आणि त्या आकड्यांवर आपला फार विश्वास असतो. जहाजाचा आयएमओ क्रमांक घ्या. सात अंकी असतो. जहाजाचं नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला, तरी तो बदलत नाही. ९०७४७२९ हा क्रमांक लिहून घ्या. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणा आणि बेरीज करा. ६३, ०, ३५, १६, २१, ४, एकूण १३९. बेरजेचा शेवटचा अंक ९, आणि क्रमांकाचाही शेवटचा अंक ९. जुळलं! हा शेवटचा अंक म्हणजे पडताळा-अंक. कंटेनरच्या क्रमांकातही तसाच असतो.

पण या हिशेबाने पकडलं काय? टंकताना झालेली चूक. लबाडी नाही. ज्याला खोटी बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती, जी दाखवून माल सोडवता येतो) करायची आहे, तो खऱ्या जहाजाचा खरा क्रमांक उचलतो. त्याचा पडताळा-अंक बरोबरच येणार. म्हणून माझा आग्रह असा, की ओळख-क्रमांकाकडे उत्तर म्हणून पाहू नका. तो आपल्याला कुठे जाऊन प्रश्न विचारायचा ते सांगतो, बस. क्रमांक मिळाला की जहाज कुठे होतं ते विचारता येतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांवर एआयएस यंत्रणा सक्तीची आहे, तिच्यातून जहाजाच्या जागेची नोंद होत राहते. बिलावर लिहिलंय की अमुक तारखेला अमुक बंदरात माल चढला, आणि जहाज त्या आठवड्यात दुसऱ्याच समुद्रात होतं, तर पुढचं बोलायलाच नको. कागद नुसता न्याहाळून हे कधीच कळलं नसतं.

माणसांच्या, म्हणजे कंपन्यांच्या बाबतीत हेच काम एलईआय (लीगल एंटिटी आयडेंटिफायर, म्हणजे कंपनीचा ओळख-क्रमांक) करतो. २००८ साली लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा कुणाचे किती पैसे कुठल्या कंपनीत अडकलेत, हे नियामकांना पटकन सांगता येईना. त्यातून हा वीस अक्षरी क्रमांक आला. त्याचं मानक आयएसओ १७४४२, आणि कारभार पाहायला २०१४ मध्ये ग्लाइफ ही संस्था स्थापन झाली. तिची नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते: कंपनीचं अधिकृत नाव, पत्ता, आणि दिली असेल तर मूळ मालक-कंपनीची माहिती. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून नामांकित कंपनीचा आव आणणारे इथे उघडे पडतात. मात्र नोंदीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते अनेक जण करत नाहीत. नोंदीपुढे 'लॅप्स्ड' (मुदत संपलेली) दिसलं की माहिती शिळी असू शकते, हे ध्यानात ठेवा.

तरीही एक भोक उरतंच. एलईआय सार्वजनिक आहे, मग दुसऱ्याचा एलईआय आपल्या इनव्हॉइसवर छापायला कोण अडवणार? कुणीच नाही. यासाठी २०२२ पासून व्हीएलईआय, म्हणजे पडताळता येणारा एलईआय, आला. यात क्रमांक नुसता छापला जात नाही, त्याच्या जोरावर डिजिटल सही होते. सही करणारा कोण, कुठल्या कंपनीचा आणि तिथे कुठल्या पदावर, या तिन्ही गोष्टी एकत्र पडताळता येतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. नेमकी तीच अजून फार थोड्यांनी चढली आहे.

आता दुबार कर्जाकडे येऊ. इथे कागद खरा, माल खरा, कंपनी खरी. पण तोच माल तीन ठिकाणी तारण! २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात हेच घडलं. धातूच्या त्याच साठ्यावर वेगवेगळ्या गोदाम-पावत्या काढून अनेक ठिकाणांहून कर्ज उचललं गेलं. प्रत्येक बँकेची फाइल स्वतःपुरती निर्दोष होती. चोरी दोन फाइलींच्या मधल्या जागेत होती.

यावरचा उपाय म्हणजे कागदाचा ठसा. इनव्हॉइसमधली ठरावीक माहिती घेऊन तिचा हॅश (गणिती सूत्राने त्या माहितीपासून बनणारी अक्षर-अंकांची खूण) काढायचा आणि फक्त तो सामायिक नोंदवहीत टाकायचा. दुसऱ्या बँकेने तोच ठसा टाकला की घंटा वाजते, आणि गिऱ्हाईक कोण, रक्कम किती, हे प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही. वाचायला छान. पण हॅश हा फार हट्टी प्रकार आहे. इनव्हॉइस क्रमांकात एक आडवी रेघ वाढवली तरी ठसा पूर्ण बदलतो. म्हणून एकाच कागदाचे, निरनिराळ्या माहितीच्या जोड्यांवरून, अनेक ठसे काढावे लागतात. शिवाय रक्कम आणि तारीख यांचे अंदाज बांधून उलट बाजूने हॅश जुळवून पाहता येतो, तेव्हा गुप्तता आपोआप मिळते असं समजू नका.

बिल ऑफ लेडिंगचं दुखणं तर जुनंच आहे. तिच्या तीन-तीन मूळ प्रती काढण्याची प्रथा आजही चालू आहे. १८८२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे जमैकाच्या साखरेचा खटला आला होता. एक प्रत बँकेकडे तारण ठेवली आणि दुसरी दाखवून गोदीतून साखर सोडवून नेली! व्यापारी ही प्रथा का सोडत नाहीत, याचं तेव्हा न्यायाधीशांनाही कोडं पडलं होतं. इलेक्ट्रॉनिक बिलात एका वेळी एकाच्याच हाती नियंत्रण राहील अशी व्यवस्था असते. पण फाइल 'ताब्यात' असणं कायद्याला मान्य हवं ना! त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्राल या व्यापार-कायदा आयोगाने २०१७ मध्ये नमुना कायदा केला. ब्रिटनचा स्वतःचा कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला.

आणि हे सगळं जमलं तरी खोक्यात काय आहे, ते कुठलाच क्रमांक सांगत नाही. १९४१ चा न्यूयॉर्कमधला श्टाइन खटला पाहा. कागदावर ब्रशचे राठ केस. खोक्यांत गायीचे केस आणि कचरा, असा खरेदीदाराचा दावा. कागद अटींशी जुळणारे. तिथे उपयोग होतो तो मालाची तपासणी करणाऱ्या त्रयस्थाचा. त्याच्या दाखल्यावरही पडताळता येईल असा क्रमांक हवा, आणि पडताळा करताना दाखल्यावर छापलेल्या फोन नंबरवर फोन करायचा नाही. तो नंबरही भामट्यानेच छापलेला असतो. तपासणी संस्थेचा पत्ता आपण स्वतः, वेगळ्या वाटेने शोधायचा. क्यूआर कोडचंही तेच: तो कुठल्या संकेतस्थळावर नेतो ते आधी बघा, हिरवी टिकमार्क नंतर.