रक्त साफ, तरी औषध चालूच का? ल्युकेमियाच्या पेशींचा शेजार

नमस्कार मंडळी! आज देवगडला आमच्या घरामागे उभी आहे. हा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दोन घरांमधली दगडी कुंपणभिंत, बघून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

वाडीतल्या एका काकूंच्या नातवाला ल्युकेमिया आहे, म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्यांनी मला विचारलं, "गो बाय, रक्ताचो रिपोर्ट चांगलो इलो, मगे औषध बंद कित्याक करीत नाय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण ल्युकेमियाचं खरं बिऱ्हाड हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये असतं. तिथे स्ट्रोमल पेशी, म्हणजे आधारपेशी, असतात. निरोगी रक्तपेशींना धरून ठेवायचं, वाढवायचं, हे त्यांचं काम. त्या सीएक्ससीएल-12 नावाचं रसायन सोडतात आणि त्याच्या ओढीने रक्तपेशी जवळ येतात. कर्करोगाची पेशीही त्याच ओढीने येते, चिकटते, आणि जगायचे संदेश तिलाही मिळू लागतात.

आता गडग्याकडे या. लहान मुलांच्या ल्युकेमियात अ‍ॅस्पॅराजिनेज नावाचं इंजेक्शन देतात. अ‍ॅस्पॅराजिन हा प्रथिनांचा एक घटक. आपल्या बहुतेक पेशी तो स्वतः बनवतात, पण या ल्युकेमियाच्या पेशींना तो पुरेसा बनवता येत नाही. इंजेक्शन रक्तातला साठाच संपवतं, म्हणजे पेशीची उपासमार. पण 2007 साली अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं, की मॅरोतल्या आधारपेशी स्वतः अ‍ॅस्पॅराजिन बनवून या पेशींना पुरवतात. घरात चूल पेटली नाही तर शेजारीण गडग्यावरून कालवणाची वाटी देते ना, अगदी तसंच! माया तीच, फक्त वाटी चुकीच्या हातात जाते. मला याचं फार वाईट वाटतं.

मोठ्या माणसांच्या सीएलएल या ल्युकेमियाच्या पेशी काचेच्या बशीत एकट्या ठेवल्या तर लवकर मरतात, आधारपेशींसोबत ठेवल्या तर टिकतात. म्हणून आता औषधं हा शेजारही तोडू बघतात. सीएलएलवरची आयब्रुटिनिबची गोळी सुरू केल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा आधी वाढतात, कारण शेजार सुटल्यामुळे लसिकाग्रंथींमधून त्या रक्तात बाहेर पडलेल्या असतात. तो आकडा बघून स्वतःहून गोळी थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

काकूंना मी एवढंच सांगितलं: रक्तात दिसत नसलं तरी शेजाराच्या आडोशाला चार पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून कमरेच्या हाडातून मॅरो काढून तपासतात, आणि म्हणूनच औषध अजून चालू आहे.