खाँसाहेबांचा आवाज

या जागी तुम्हाला जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांचं गाणं ऐकू यायला हवं होतं. ते नाही. खाँसाहेब 1946 साली मुंबईत गेले. तोवर ग्रामोफोन घरोघरी पोचला होता, पण त्यांची एकही तबकडी निघाली नाही. थोर गवई भास्करबुवा बखले तर 1922 सालीच गेले. त्यांचाही आवाज कुठे उरलेला नाही.

मग खाँसाहेब गात होते कसे, हे आपल्याला कळतं कुठून?

शिष्यांच्या गळ्यातून, हे खरंच. पण शिष्य आपापल्या गळ्याच्या धर्मानं गातो. त्यात गुरूचं किती आणि स्वतःचं किती, हे सांगायला समोर बसून कान देऊन ऐकलेला आणि ते लिहून ठेवणारा माणूस लागतो.

गोविंदराव टेंबे असे होते. भास्करबुवांच्या साथीला पेटी घेऊन बसलेले, 'मानापमान' नाटकाच्या चाली बांधलेले. त्यांनी खाँसाहेबांचं चरित्र लिहिलं. उमेदीच्या वयात आमलेता संस्थानात अतोनात गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला होता. परत आला तो पहिला राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. ही हकिकत ठाऊक झाली की या घराण्याच्या पेचदार, वळणं घेत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणाऱ्या ताना निराळ्याच ऐकू येतात. त्यांच्यामागे एका माणसाची जिद्द दिसू लागते.

आणि केशवराव भोळे. मूळचे अमरावतीचे. डॉक्टरकी शिकायला मुंबईत आले आणि गाण्यात कायमचे गुंतले. 'वसुंधरा' साप्ताहिकात ते 'एकलव्य' या नावानं लिहीत. 1933 साली त्यांचं पुस्तक आलं, 'आजचे प्रसिद्ध गायक व त्यांची गायकी'. या नावातले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. 'गायकी', कारण गवयांच्या लहरींचे, रुसव्याफुगव्यांचे किस्से आपल्याकडे उदंड होते. गाण्याची चिकित्सा मात्र दुर्मीळ होती. आणि 'आजचे', कारण ज्याच्याबद्दल लिहायचं तो गवई हयात आहे, उद्या मैफलीत समोर भेटणार आहे. दिवंगतांची थोरवी गाणं त्यामानानं सोपं.

भोळे नुसते लिहीत राहिले नाहीत. त्याच 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकाला त्यांनी संगीत दिलं, पुढे 'प्रभात' या चित्रपट कंपनीत गेले. 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटातलं 'आधी बीज एकले' आठवा. शब्द शांताराम आठवल्यांचे, चाल भोळ्यांची. पण तो तुकोबांचाच अभंग असं कितीतरी जणांना वाटत आलं. दुसऱ्यांच्या गाण्याला लावलेली कसोटी या माणसानं स्वतःलाही लावून घेतली होती.

पुढे 1961 साली वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' आलं. पेशानं हिशेबनीस, पण अनेक वर्षं तालीम घेतलेले, मोगूबाई कुर्डीकरांकडेही शिकलेले. त्यांनी घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडून पाहिली. किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर दोन्हींचा तोल साधणारं. जयपूरला झुकतं माप दिलंय, असं कुणी म्हणेल. म्हणावं की! पण ते म्हणण्यासाठीसुद्धा पुन्हा ऐकावं लागतं, आणि देशपांड्यांनी आपल्याला तिथे नेऊन बसवलं.

आता कालच्या मैफलीची बातमी वाचा. रागांची नावं, साथीदारांची नावं, 'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली', 'रसिक मंत्रमुग्ध झाले'. आज ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून आवाज राहील. पण त्या संध्याकाळी गायकानं नवं काय केलं, कुठे धोका पत्करला, कुठे नुसती सवय गात होती, हे कुणी लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला कोण सांगणार? मला याची मनापासून काळजी वाटते.

ही तबकडी केसरबाई केरकरांची. गोव्यातल्या केरी गावच्या, खाँसाहेबांच्या शिष्या. राग ललितागौरी, 'प्रीतम सैंया'. जेमतेम तीन मिनिटांची आहे. सुरुवातीला खरखर येईल, ती जाऊ द्या. श्वासावरचा ताबा, दमसास ऐका, आणि तान समेकडे कुठल्या वाटेनं येते तेवढं पाहा.